आईला किती तास सांगू?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी धाकटी बहीण लंडनजवळ स्लाउला असते. येत्या जानेवारीत आईला घेऊन तिच्याकडे जायचं आहे. आई ७४ वर्षांची आहे, मधुमेह आहे, रोज दोन वेळा इन्सुलिन घेते. विमानात पहिल्यांदाच बसणार. इंटरनेटवर मुंबई–लंडन अंतर ७,२०० किलोमीटर दिसतं, विमानाचा वेग ताशी ९००. भागाकार केला की आठ तास येतात. तिकिटावर मात्र मुंबईहून दुपारी १ वाजता निघून लंडनला संध्याकाळी साडेपाचला पोचणार असं आहे, म्हणजे साडेचारच तास. येताना रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबई, म्हणजे साडेचौदा तास. यातलं खरं कोणतं? आई रोज विचारते, किती तास बसायचं? तिला चुकीचं सांगायचं नाहीये.
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. त्याचं कारण पुढे सांगते. आधी हिशेब.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचण्याची लंडनच्या. जानेवारीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं. तेव्हा लंडनचे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे साताऱ्याच्या तुमच्या घरातले रात्रीचे ११. दुपारी १ ते रात्री ११, झाले १० तास. येताना याच्या उलट करायचं. साडेचौदातून साडेपाच वजा केले की ९ उरतात. तर जायला १० आणि यायला ९ तास, हे खरे आकडे. ताळा करायचा असेल तर तुमचे दोन्ही आकडे घ्या. साडेचार अधिक साडेचौदा म्हणजे १९, आणि दहा अधिक नऊही १९च. घड्याळातला फरक एकदा वजा होतो, एकदा मिळवला जातो, म्हणून जाऊन-येऊन बेरीज तीच राहते.

आता भागाकारातून आलेले आठ तास कुठे गेले ते बघू. मी तीस वर्षांहून अधिक काळ सांताक्रूझला एका विमान कंपनीच्या डिस्पॅचच्या खोलीत काम केलं. विमान कोणत्या वाटेने जाईल, किती उंचीवर उडेल, किती इंधन घेईल याचा फ्लाइट प्लॅन आम्ही करायचो. वैमानिक येऊन तो तपासायचा, सही करायचा आणि मग निघायचा. त्या खोलीत दोन अंतरं बोलली जायची, एक जमिनीवरचं आणि एक हवेतलं. जमिनीवरचं ठरलेलं. हवेतलं रोज नवं.

विमान ताशी ९०० किलोमीटर जातं ते हवेतून, आणि हवा स्वतः चालत असते. ३५-४० हजार फुटांवर आपल्याकडून युरोपाच्या बाजूला जाताना बहुतेक वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यातला जोराचा पट्टा म्हणजे जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तो दक्षिणेला सरकतो आणि त्याला जोरही चढतो. नदीतून होडी नेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सरासरी ६० किलोमीटरचा वारा समोरून आहे असं धरू. मग ९०० चे ८४० उरतात. विमान प्रत्यक्षात थोडा वळसा घेऊन साधारण ७,४०० किलोमीटर जातं असं धरलं, तर जायला ८ तास ५० मिनिटं लागतात. येताना तोच वारा पाठीशी, म्हणजे ९६०, आणि वेळ ७ तास ४५ मिनिटांच्या आत. त्याच दोन विमानतळांमध्ये जाताना विमान जवळपास आठ हजार किलोमीटर हवा कापतं आणि येताना सात हजारांहूनही थोडी कमी. तुम्ही इंटरनेटवर पाहिलेल्या ७,२०० मध्ये हे कुठेच दिसत नाही.

वरचा तास-सव्वातास जमिनीजवळ जातो. तिकिटावरचा वेळ विमान उडाल्यापासून मोजत नाहीत. चाकांखालचे चोक, म्हणजे अडसराचे ठोकळे, काढून विमान हललं की घड्याळ सुरू, आणि तिकडे चोक लागले की बंद. आमच्याकडे याला ब्लॉक टाइम म्हणत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुधा एकच चालते. विमानं ओळीने उभी असतात. खिडकीतून समोरच्या विमानाची शेपटी दिसत राहते आणि आपण इंचाइंचाने पुढे सरकतो. मग धावपट्टी मिळते, विमान उडतं आणि बहुतेक वेळा जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे निघतं. तिकडे हीथ्रोलाही दोनच धावपट्ट्या. गर्दी असली की विमानांना आकाशातल्या ठरलेल्या चार जागी, थरांवर थर लावून, गोल फिरत थांबवतात. सर्वांत खालचं विमान उतरायला निघालं की वरचं एक थर खाली येतं. हा वेळ कंपन्या आधीच धरून चालतात. म्हणून कधी कधी विमान वीस मिनिटं आधी पोचतं आणि सगळे खूश होतात. त्या दिवशी फिरावं लागलेलं नसतं, एवढंच.

आता आईचं. १९९४ साली माझी आई भावाकडे लंडनला गेली. तिने विचारलं, किती तास? मी म्हटलं, नऊ. त्या दिवशीच्या फ्लाइट प्लॅनवरचा उडण्याचा वेळ होता तो. रोज तेच आकडे तोंडात असल्यामुळे मी तोच सांगून मोकळी झाले. तिने तो मनात धरला आणि नऊ तास मोजले, तेही पार्ल्याचं घर सोडल्यापासून. दशम्या त्या बेताने बांधल्या, गोळ्या त्या बेताने घेतल्या. नऊ तास झाले तेव्हा विमान वाटेतच होतं. शेजारी मराठी कळणारं कुणी नव्हतं, आणि हवाई सुंदरीला विचारायचा तिला संकोच वाटला. पंधरा दिवसांनी तिचं पत्र आलं. त्यात एक ओळ होती : ‘तू नऊ म्हणालीस, नऊ झाले तरी उतरायचं नाव नाही, तेव्हा काही बिघडलं असेल असं वाटून मी जप सुरू केला.’ त्या जपाचे तास माझ्यामुळे तिच्या वाट्याला आले. तुमच्या पत्राने तेच आठवलं.

म्हणून आईला दहा तास सांगू नका. साताऱ्याच्या दारापासून स्लाउच्या दारापर्यंतचा हिशेब सांगा. दुपारी १ चं विमान, म्हणजे सकाळी १० ला विमानतळावर पोचायला हवं. सातारा ते अंधेरी साधारण अडीचशे किलोमीटर. वाटेत चहा, आईचं उतरणं-चढणं आणि घाटातली गर्दी धरून सहा तास ठेवा. तेव्हा पहाटे ४ ला घर सोडायचं. मग विमानाचे १० तास. उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान यांत दीड तास, पुढे स्लाउ जवळच आहे, अर्धा तास पुरे. बहिणीच्या घरात तुम्ही पाऊल टाकाल तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसात आणि इकडे रात्रीचा १ वाजलेला असेल. पहाटे ४ ते रात्री १, एकवीस तास. आकाशातल्या सात हजार किलोमीटरला दहा तास आणि बाकीच्या पावणेतीनशेला अकरा! जमत असेल तर आदल्या रात्री मुंबईत एखाद्या नातलगाकडे मुक्काम करा. सगळ्या तिकिटातली ही बचत सर्वांत मोठी.

इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि बॅग हरवली तर औषधही हरवतं. हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. जाताना दिवस साडेपाच तासांनी लांबतो, येताना तेवढाच आखूड होतो. संध्याकाळचं इन्सुलिन कोणत्या घड्याळाप्रमाणे, किती आणि कधी घ्यायचं, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, आई चालती-फिरती असली तरी. दोन्हीकडे चालणं खूप आहे. आणि दर दीड-दोन तासांनी तिला उठवून विमानात एक फेरी मारायला लावा.

शेवटी एक गोष्ट आईलाच शिकवा. काट्यांचं घड्याळ असेल तर ते उलटं धरायचं, बाराचा आकडा खाली. इकडे दुपारचे ३ वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतात. लंडनला तेव्हा सकाळचे साडेनऊच असतात. साडेपाच तासांच्या फरकाला हे चोख लागू पडतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. त्या मधल्या महिन्यांत फरक साडेचार तासांचा असतो, तेव्हा एक तास मिळवायचा. माझ्या आईने तीन महिने मनगटावरचं घड्याळ बदललंच नाही. पार्ल्याच्या देवघरात सांजवात केव्हा लागते ते तिला त्यात बघायचं असे, आणि लंडनची वेळ हवी झाली की मनगट फिरवायची.

प्रश्न : मी आठवीत आहे. मामा लंडनहून आला तेव्हा त्याने विमानातल्या पडद्याचा फोटो दाखवला. त्यात विमानाची वाट वर वाकलेली होती. मी अ‍ॅटलासमध्ये मुंबई ते लंडन पट्टीने रेघ मारली तर ती सरळ येते. सरळ वाट सोडून विमान वाकडं का जातं?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : शाबास, पट्टी घेऊन बसलीस ते फार आवडलं. आता पट्टी ठेव आणि शाळेतला पृथ्वीगोल माग. शिवायचा दोरा घे. एक टोक मुंबईवर धर, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताण. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट शोधतो. ती तुझ्या रेघेच्या बरीच उत्तरेला जाईल. खरी सरळ वाट हीच. वाकडी झाली आहे ती अ‍ॅटलासमधली.

असं का होतं? गोल पृथ्वी कागदावर सपाट करताना उत्तरेकडचे देश आडवे ताणावे लागतात. मुंबईच्या अक्षांशावर एक रेखांश ओलांडायला साधारण १०५ किलोमीटर लागतात, लंडनच्या अक्षांशावर ६९. नकाशात मात्र दोन्ही सारखेच रुंद काढलेले असतात. म्हणून वर जाऊन पश्चिमेला वळणं स्वस्त पडतं, आणि ते कागदावर दिसत नाही. तुझ्या पट्टीच्या रेघेने गेलं तर जवळजवळ दोनशे किलोमीटर जास्त होतील.

माझ्याकडचा गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्यावर दोरा १७ सेंटिमीटर भरला. एका सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर, आता गुणाकार तू कर. दोऱ्याखाली काय काय येतं तेही बघ. मुंबई सोडली की समुद्र, मग सौराष्ट्र, कच्छ, कराची, बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण काठ. दोऱ्याचा मध्य जॉर्जियाच्या तिबिलिसी शहराच्या किंचित खाली येतो. पुढे काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, जर्मनी आणि लंडन.

कराची आली ना? ती जुनी ओळख आहे. १९२९ मध्ये लंडनहून कराचीपर्यंत विमानाने टपाल येऊ लागलं, त्याला आठवडाभर लागायचा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी तिथून टपालाच्या पिशव्या घेतल्या, एक इंजिनाचं छोटं पस मॉथ विमान स्वतः उडवलं आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरवलं. पुढे ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, पण ते कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत गेलं. प्रवासी घेऊन एका दमात एवढं अंतर कापायची तेव्हा रीत नव्हती.

आता मामाच्या फोटोतली वाट तुझ्या दोऱ्याशी तंतोतंत जुळणार नाही. आकाशालाही हद्दी असतात, आणि त्या बंद होतात. युक्रेनवरचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने आपली हद्द भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केली आणि पुढे तिची मुदत वाढवत नेली. याआधी २०१९ मध्येही २७ फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. मी तेव्हा कामावर होते. रात्री तयार केलेले प्लॅन सकाळी बाजूला टाकले आणि नव्या वाटा, नवं इंधन, नवे वारे घेऊन पुन्हा बसलो. दोऱ्याला असं सांगता येत नाही. गोलावर टाचणी टोचावी लागते आणि दोरा तिच्याभोवतून न्यावा लागतो. तू मस्कतवर टाचणी टोच. दोरा १७ चा साडेसतरा होईल.

आणखी एक करून बघ. दोऱ्याचं एक टोक बंगळूरुवर आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर ठेव. दोरा उत्तर ध्रुवाकडे धावेल. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून त्याच वाटेने, ध्रुवाकडून, बंगळूरुला आलं. कॉकपिटमध्ये चौघीही महिला वैमानिक होत्या : कॅप्टन झोया अगरवाल, पापागरी थनमई, आकांक्षा सोनवरे आणि शिवानी मन्हास. तुझ्या वर्गातल्या मुलींना ही नावं सांग.

प्रश्न : दिल्ली लंडनला मुंबईपेक्षा जवळ आहे, शिवाय दिल्लीमार्गे तिकीट पाच हजारांनी स्वस्त मिळतंय. मुलगा म्हणतो, वेळही वाचेल. दिल्लीमार्गे जावं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोऱ्याने मोजलं तर मुलाचं बरोबर आहे. दिल्ली–लंडन सुमारे ६,७०० किलोमीटर आहे, मुंबईहून ७,२००. पण आधी मुंबईहून दिल्लीला जायचं आहे, तेही अकराशेच्या पुढे. दोन तासांचं उड्डाण, मग सामान, पुन्हा तपासणी, पुन्हा तीन तास बसणं.

त्यात भारतीय कंपनीचं विमान असेल तर पाकिस्तानची हद्द बंद असेपर्यंत दिल्लीची जवळीक उपयोगी पडत नाही. मुंबईला समुद्र लागूनच आहे, पश्चिमेला सरळ निघता येतं, वळसा दोनशे किलोमीटरचा, म्हणजे पाऊण सोडा, पाव तासाचा. दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातच्या बाजूने खाली समुद्रावर उतरावं लागतं आणि मगच पश्चिमेला वळता येतं. गोलावर टाचण्या लावून मोजलं तर हजार-बाराशे किलोमीटर वाढतात. विमान दिल्लीहून निघून मुंबईच्या अर्ध्या वाटेपर्यंत खाली येतं म्हणा ना. बंदी भारतीय कंपन्यांपुरती आहे, त्यामुळे परदेशी कंपनीचं तिकीट असेल तर तिच्या वेळापत्रकातले तास वेगळे दिसू शकतात. ते साताऱ्याच्या वाचकांना सांगितलं तसे मोजून घ्या, लंडनची वेळ हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांनी पुढे करून.

तुमच्यासोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर पाच हजार रुपये जास्त द्या आणि मुंबईहून थेट जा. एकटे तरुण असाल, दिल्लीत चार तास काढायची तयारी असेल, तर स्वस्त तिकीट घ्या. मात्र दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असू द्या. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं, तर दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही आणि तिकिटाचे सगळे पैसे जातात.